दादाराव मास्तरांची बागेतली बाई

पंचफुला लग्न होऊन सौंसरला आली तेव्हा त्या घरात एक बाई आधीपासूनच होती. समोरच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. अंगात राखाडी झाक असलेला पांढरा रेशमी झगा, कमरेत आवळलेला आणि खाली एवढा घोळदार की त्यात दोन पोरं लपली असती. डोक्यावर तिरपी टोपी, टोपीला पीस. बाई बागेत एका दगडी कठड्याजवळ उभी होती. बाजूला लोखंडी खुर्ची, खुर्चीवर टाकलेली शाल, पायाशी डोळे मिटून पडलेलं लहानसं कुत्रं. तिच्या एका हातात मोजा घातलेला होता. दुसरा हात उघडा होता आणि त्याचा मोजा तिनं बोटांत लोंबता धरला होता.

"हे कोण होय?" नव्या नवरीनं भीत भीत विचारलं.

"पॅरिसची आहे," दादाराव म्हणाले आणि हसले. पंचफुलाला पॅरिस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती जाम नदीच्या काठच्या सावरगावची, चौथी शिकलेली. तिनं मान हलवली आणि चुलीकडे गेली.

दादाराव सोमकुवर सौंसरच्या शाळेत ड्राइंग मास्तर होते. मूळ पांढुर्ण्याचे. आईबाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचणारे, पण बाबासाहेबांचा फोटो घरात लागला त्या वर्षीच पोराला शाळेत घालणारे. पोराचा हात चांगला होता. ड्राइंगच्या परीक्षेला तो नागपूरला गेला तेव्हा सीताबर्डीच्या फुटपाथवर एका रद्दीवाल्याकडे त्याला ही बाई सापडली. कुठल्यातरी जुन्या विलायती कॅलेंडरचं पान असावं. खालची पट्टी वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे चित्र कोणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. परीक्षा घेणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांना त्यानं ते दाखवलं. ते म्हणाले, फ्रान्सचं आहे, मागच्या शतकातलं, तिकडच्या अकादमीच्या वळणाचं. देवादिकांची नाहीत, राजांची नाहीत, अशी साध्या घडीची चित्रं तिकडे पुष्कळ निघत. बाई बागेत उभी आहे, बाई पंखा हलवून राहिली आहे, असलीच. पैसेवाले लोक ती दिवाणखान्यात लावत.

एवढ्या माहितीवर दादारावांनी जन्म काढला. दरवर्षी दहावीच्या पोरांना ते एक पूर्ण तास हे एकच चित्र शिकवत. घरून चौकट काढून, चादरीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून नेत. आदल्या संध्याकाळी घरातच तयारी चाले, आणि पंचफुला भाकरी थापता थापता ऐके.

"पाहा, यात ब्रशचा एक फटकारा दिसते का? नाही दिसत. तिकडे हेच शिकवत. चित्रकारानं आपला हात लपवला पाहिजे. रेशीम रेशीम दिसलं पाहिजे, रंग दिसला नाही पाहिजे. आता सांगा, या चित्रात गोष्ट कुठं आहे? कोणी म्हणेल चेहऱ्यात. नाही. गोष्ट हातमोज्यात आहे. ही बाई आत्ताच बागेत आली. एक मोजा काढला, दुसरा काढायचा आहे. कोणीतरी येणार आहे. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पाहा, हसू अजून आलं नाही, पण येऊन राहिलं आहे. चित्रकारानं तेवढाच क्षण धरला."

पंचफुलाला ते ऐकायला आवडायचं. नवरा एरवी फारसं बोलायचा नाही. या बाईपुढे मात्र तो खुलायचा. तिला मत्सर वगैरे वाटला नाही. चौकटीची काच ती रोज आपल्या पदरानं पुसायची. फक्त एकदा, लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, ती म्हणाली, "माह्यंबी काढा नं एखादं."

"बस मग," ते म्हणाले आणि कागद घेतला. ती पाटावर बसली. हात कुठे ठेवावे ते तिला सुचेना. तेवढ्यात चुलीवर डाळ उतू गेली, ती उठली, परत आली, मग बाहेर कोणीतरी आवाज दिला. दादाराव हसत म्हणाले, "तू फार हालतं. तुह्यं चित्र नाही होत." कागद बाजूला पडला. पुढे मुलगी झाली, इंदू. तिची मात्र त्यांनी ढीगभर चित्रं काढली. झोपलेली इंदू, संत्रं खाणारी इंदू, रुसलेली इंदू. पंचफुला त्या चित्रांमध्ये कधी कधी असायची. मांडी म्हणून, नाही तर पोरीला धरलेला हात म्हणून.

इंदूचं लग्न लोधीखेड्याला झालं त्या वर्षी, म्हणजे एक्याऐंशीत, दादारावांना पायरी चुकायला लागली. पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर जायची. संध्याकाळी बल्बभोवती रंगीत कडी दिसते म्हणायचे. दोघांनाही वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा बदलला. मग एक दिवस त्यांच्यासोबतचे गजानन गुरुजी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. गुरुजी दारातच पंचफुलाला हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मास्तर फळ्यावर माठ काढत होते. अर्धा माठ फळ्यावर आला अन् अर्धा भिंतीवर. पोरं हसली तरी मास्तरांच्या ध्यानात येईना. यांना नागपूरला घेऊन जा."

छोट्या लाइनच्या, नॅरोगेज गाडीनं ती त्यांना नागपूरला घेऊन गेली. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बराच वेळ डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, आणि आधी पंचफुलाकडेच बघत बोलला. काचबिंदू आहे. डोळ्याची नस सुकत गेली आहे. गेलेली नजर परत येत नसते. जेवढी राहिली तेवढी थेंब घालून टिकवायची.

"किती दिवस टिकेल?" दादारावांनी विचारलं.

"सांगता येत नाही मास्तर. तुम्ही फार उशिरा आले."

गाडीत दोघं खिडकीशी बसले होते. संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या. दादाराव बाहेर पाहत होते, पण मान फिरवून फिरवून, जसं कोणी पाइपातून पाहतं. पंचफुलानं विचारलं, "काय दिसते?" ते म्हणाले, "मधलं दिसते. बाजूचं सगळं गेलं."

थेंब चालू होते. नजर तरी उतरतच राहिली. शाळेनं वर्षभर सांभाळून घेतलं, मग घरीच बसावं लागलं. आणि त्या दिवसांत पंचफुलानं एक गोष्ट पाहिली, जिचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही. रोज सकाळी, ऊन खिडकीतून थेट समोरच्या भिंतीवर येई त्या वेळी, दादाराव त्या चित्राजवळ जाऊन उभे राहत. नाक काचेला लागेल इतके जवळ. त्यांना आता एका वेळी रुपयाएवढंच दिसत होतं. ते रुपयाएवढं भोक ते बाईच्या टोपीवरून सरकवत, मग कपाळावर, मग डोळ्यांवर, ओठाच्या कोपऱ्यावर. ओठ हलत असत, जसं पोर धडा पाठ करतं. ऊन सरकलं की थांबत. ती चहा घेऊन मागे उभी असायची.

"अजी, चहा."

"ठेव," मागे न पाहता ते म्हणत.

पंचाऐंशीच्या हिवाळ्यात तेही भोक बुजलं. सौंसरचं भाड्याचं घर सोडून दोघं पांढुर्ण्याला दादारावांच्या बापाच्या दोन खोल्यांत राहायला आले. पंचफुला संत्र्याच्या मंडीत छाटणीला जाऊ लागली. दिवसभर फळं हातात घेऊन लहान, मोठं, डागी वेगळं करायचं. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास बसला तो गेलाच नाही. संध्याकाळी घरी आली की दादाराव अंगणातून आत येत, बाजेवर बसत आणि म्हणत, "पंचफुला, सांग."

चित्र इथंही भिंतीवर लावलं होतं. आता ते तिनं पाहायचं आणि त्यांना सांगायचं, हा रोजचा नेम झाला.

पहिल्या पहिल्यांदा तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत नवऱ्याला तिच्या डोळ्यांची गरज कधी पडली नव्हती. ती कंदील वर धरून उभी राहायची आणि जे दिसेल ते सांगायची. झग्यावर कमरेखाली सात घड्या आहेत. कठड्याच्या दगडाला शेवाळ आहे. झाडाची पानं पिवळी पडून राहिली, खाली दोन-तीन गळाली आहेत. दादाराव डोळे मिटून ऐकत. "हं. अन् डाव्या बाजूची सावली? निळसर आहे का?" "आहे नं, निळसर." त्यांचा चेहरा निवायचा.

जन्मभर पदरानं पुसलेलं ते चित्र पंचफुला आता पहिल्यांदाच नीट पाहत होती. आणि पाहता पाहता तिला त्यात वेगळंच दिसू लागलं. एक दिवस ती बोलून गेली.

"अजी, हे बाई आली नाही. हे चालली."

"काय?"

"मोजा काढून नाही राहिली ते. घालून राहिली. शाल पाहा नं, चांगली दाबल्यासारखी आहे, कोणी लय वेळ बसल्यासारखी. कुत्रंबी झोपलं. आत्ताच आली असती तर कुत्रं उठून नसतं आलं? कोणी नाही आलं तिच्याकडं. वाट पाहून थकली अन् आता घरी जाऊन राहिली."

दादाराव ताठ बसले. "अन् ते हसू?"

"हसू कुठं आहे? मले तर नाही दिसत. तोंड दाबून धरलं तिनं."

"कंदील नीट धर."

"नीटच धरला."

"तुले समजत नाही," ते एकदम चिडून म्हणाले. "तीस वर्षं मी हे चित्र पाहिलं. मोजा घालताना बोटं सरळ राहतात. ते बोटं वाकलेली आहेत. अकादमीचा शिकलेला चित्रकार अशी चूक करत नाही. जे आहे ते सांग. तुह्यं काही त्यात घालू नको."

पंचफुला चित्राकडे पाहत राहिली. बोटं वाकलेली होती, हे खरं. पण बाईचं तोंड तिला तसंच दिसत होतं. कदाचित त्यांचंच बरोबर असेल. कदाचित मंडीत दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला कोणाच्याही तोंडावर थकवाच दिसत असेल. तिला जिंकायचं नव्हतं. तिला एवढंच कळेना की माझेच डोळे पाहिजेत, तर मग मला दिसतं ते काहून नको?

त्यानंतर ती वाद घालायला गेली नाही. "सांग" म्हटलं की ती त्यांचीच वाक्यं सांगायची. बाई आत्ताच बागेत आली आहे. एक मोजा काढला, दुसरा काढायचा आहे. कोणीतरी येणार आहे. ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन राहिलं आहे. बोलताना ती चित्राकडे पाहतही नसे. भाजी निवडता निवडता, पाठ केलेलं म्हणावं तशी म्हणायची. दादाराव समाधानानं मान हलवत. त्यांना आपलेच शब्द बायकोच्या आवाजात परत मिळत होते, आणि त्यांना ते ओळखू येत नव्हतं, की येत असूनही चालत होतं, ते पंचफुलाला कधी समजलं नाही.

एका रविवारी मंडी बंद होती. पंचफुला अंगणात त्यांची दाढी करत होती. दादाराव त्या दिवशी बरे होते. इंदूबद्दल बोलत होते. "इंदूच्या उजव्या भुवईत एक केस उलटा आहे. लहानपणी रुसली की खालचा ओठ असा पुढं यायचा. मले अजून सगळं जसंच्या तसं दिसते. जे हातानं काढलं ते जात नाही."

पंचफुलाचा वस्तरा थांबला. ती सहज हसत म्हणाली, "अन् मी? माह्यं तोंड आहे का ध्यानात?"

दादारावांच्या गालावर साबणाचा फेस वाळू लागला.

"सांगा नं. नाक कसं आहे माह्यं?"

"तुह्या बांगड्यांचा आवाज आहे," ते हळूहळू म्हणाले. "तुह्ये हात आहेत. हिरवं लुगडं आहे. चुलीसमोर पाठमोरी बसलेली आहे." मग म्हणाले, "तोंड येत नाही, पंचफुला. मी लय दिवसांपासून पाहून राहिलो. तिथं काही येत नाही."

तिनं दाढी पुरी केली. एकही जखम होऊ दिली नाही. पाणी नेऊन मोरीत ओतलं. आणि तिथं उभ्या उभ्याच तिला सौंसरच्या त्या सकाळी आठवल्या. नजर जाणार हे त्यांना डॉक्टरनं सांगितलं होतं. किती राहिली तेही त्यांना रोज समजत होतं. शेवटची ती रुपयाएवढी नजर कुठं ठेवायची, ते त्यांनी ठरवलं होतं. ती दोन हातांच्या अंतरावर, चहाचा कप धरून उभी होती. त्यांना फक्त मान वळवायची होती.

दुसऱ्या दिवशी दादाराव म्हणाले, "जवळ ये. हातानं पाहू दे." ती जवळ बसली. त्यांनी कपाळावरून, पापण्यांवरून, गालावरून बोटं फिरवली. चित्रकाराची बोटं होती, हळू चालणारी. तिला रडू येत होतं पण तिनं ते येऊ दिलं नाही, कारण गाल ओला झाला असता तर त्यांना वेगळंच काही लागलं असतं. असं तीन-चार दिवस चाललं. मग त्यांनी हात काढून घेतला.

"कातडी लागते. हाड लागते. पण तोंड नाही होत त्याचं."

"राहू द्या," पंचफुला म्हणाली. "आता नवं पाहून काय करता."

पण ते तिच्या आत राहिलं नाही. तो सल मंडीत संत्री निवडताना, नदीवर धुणं आपटताना वर येत राहिला. आणि एका संध्याकाळी, अंग मोडून आलं असताना, बाजेवरून नेहमीसारखं "पंचफुला, सांग" आलं, तेव्हा ती चित्रासमोर कंदील न घेताच जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई नाही तिथं."

"म्हणजे?"

"गेली ते. खुर्ची आहे, शाल आहे, कुत्रं आहे. बाई नाही. मी तुमाले सांगितलं होतं, ते चालली म्हणून."

तिला वाटलं ते ओरडतील. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते ओरडायला हवे होते. निदान तिच्यावर रागावताना तरी तिचं तोंड समोर येईल, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं होतं.

दादाराव ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मलेबी तसंच दिसून राहिलं."

पंचफुला वळली.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "आधी डोळे गेले तिचे. मग ओठ. आता झगा उभा आहे, अन् टोपी आहे, अन् मधात पांढरं. म्हणून तर तुले रोज विचारतो. तू सांगतं तेव्हा मी ते शब्द त्या पांढऱ्यावर लावून पाहतो. बसत नाहीत."

पंचफुलानं घाईघाईनं कंदील पेटवला. काडी दोनदा विझली. कंदील चित्राला लावून ती सांगू लागली, खरं सांगू लागली, कधी सांगितलं नव्हतं इतकं बारीक. "आहे, आहे नं ते इथंच. मी रागानं बोलली. अजी, ऐका, कपाळ लहान आहे तिचं. केस मधातून काढले. डोळे तपकिरी, डावा थोडा बारीक आहे उजव्यापेक्षा. नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा एक ठिपका आहे. ओठ, ओठ हसून राहिले, तुमचंच खरं आहे, हसूनच राहिले..."

"राहू दे," दादाराव म्हणाले.

"अजी, ऐका तर."

"राहू दे पंचफुला. तू थकली असशील. जेवण कर."

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी "सांग" म्हटलं नाही. पंचफुला संध्याकाळी यायची, हातपाय धुवायची, वाट पाहायची. एक-दोनदा तिनं आपणहूनच सुरुवात करून पाहिली. ते ऐकून घेत, मध्येच उठून अंगणात जात. आता त्यांच्या आत ती पॅरिसची बाई नव्हती, आणि तिच्या जागी पंचफुलाही नव्हती. तो जो माणूस बाजेवर बसलेला असे त्याच्याकडे पाहून तिला एखाद्या रिकाम्या खोलीत डोकावल्यासारखं होई. ज्या बाईचा ती एवढा राग करत होती, ती परत यावी म्हणून तिनं मनातल्या मनात किती विनवण्या केल्या, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन इंदू तिथूनच आईबापांना भेटायला पांढुर्ण्याला आली. घरातली शांतता पाहून तिनं आईला खोदून खोदून विचारलं, पण आई भाकऱ्या थापत राहिली. जाताना इंदू भिंतीकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुमची बागेतली बाई पार पिवळी पडून राहिली नं. ओल लागली वाटते."

"घेऊन जा तू," दादाराव म्हणाले.

"काहून? तुमाले पाहिजे नं."

"मले काय करायचं? तुह्या घरी कोरडं आहे."

पंचफुलानं ते आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. इंदूला स्टेशनवर पोचवून ती परत आली तेव्हा भिंतीवर चौकटीएवढा उजळ चौकोन उरला होता. पुढच्या सारवणात तोही गेला.

दादाराव त्यानंतर बरीच वर्षं जगले. खाणं-पिणं नीट होतं, दुखणं काही नव्हतं. कामाला जाण्याआधी पंचफुला त्यांची बाज दाराकडे तोंड करून लावायची. वारा लागावा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं आवाज द्यावा, म्हणून. संध्याकाळी ती यायची तेव्हा ते उलटे वळून चित्राच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. ती खांद्याला धरून त्यांना परत दाराकडे वळवायची. ते वळत. ती चूल पेटवायला आत जायची, आणि पीठ मळून बाहेर येईपर्यंत ते पुन्हा भिंतीकडे वळलेले असत.